पळवून नेण्याचा गुन्हा आणि त्यामागचा हेतू
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्याकडे बहुधा आरोग्य, शिवणकाम, मुलांचे संगोपन अशा विषयांवर व्याख्यान होते. यंदा कायद्यावर बोला, असा आपला आग्रह पडला. कायदा म्हटला की तो वकिलांचा आणि कोर्टाचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळ जणींना वाटते. म्हणून मी असा एक भाग निवडला आहे की ज्याचा संबंध सरळ आपल्या उंबरठ्याशी येतो. मूल किंवा मुलगी घरातून पळवून नेणे, आणि तेही पुढे त्याहून मोठा गुन्हा करण्याच्या हेतूने, याविषयी कायदा काय म्हणतो, ते मी आज सांगणार आहे.

आपल्या जिल्ह्याची राहणी डोळ्यांपुढे आणा. रोवणीच्या दिवसांत बाया पहाटेच बांधीत उतरतात, ते दिवस मावळता घरी येतात. लहान मुले आजीच्या, नाहीतर शेजारणीच्या भरवशावर असतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार नि नाटके चालतात, गर्दीत कोण कोठले हे कळत नाही. मुली सायकलीने आणि एस.टी.ने तुमसर, साकोली, पवनीला शिकायला जातात. वरठीच्या स्टेशनावरून मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या जातात आणि तुमसर तालुका ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. पळवून नेणाऱ्याला दोन तासांत दुसऱ्या राज्यात जाता येते. म्हणून ही माहिती आपणांस हवी.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. आपण बोलताना आणि वर्तमानपत्रेही सरसकट 'अपहरण' म्हणतात. कायदा मात्र दोन निराळे गुन्हे मानतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला, अथवा ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही अशा माणसाला, पालकाच्या संमतीवाचून त्याच्या ताब्यातून घेऊन जाणे किंवा फूस लावून नेणे, याला 'अपनयन' म्हणतात. येथे जबरदस्ती झालीच पाहिजे असे नाही. मूल हसतखेळत गेले, मिठाईसाठी गेले, 'मीच गेले' असे म्हणाले, तरी गुन्हा होतो. कारण तेथे संमती पालकाची लागते, मुलाची नव्हे. दुसरा प्रकार 'अपहरण'. यात वय कितीही असो. बळाने किंवा कपटाने एखाद्याला एका जागेहून दुसरीकडे जाण्यास भाग पाडणे म्हणजे अपहरण.

आता वयाविषयी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ही वयोमर्यादा मुलांसाठी चौदा आणि मुलींसाठी सोळा होती. १९४९ साली ती अनुक्रमे सोळा आणि अठरा झाली. १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिने मुलगा व मुलगी दोघांसाठीही अठरा हेच वय ठरविले. सतरा वर्षांच्या मुलाची आईदेखील आता हा कायदा हाती घेऊन ठाण्यात जाऊ शकते.

नुसत्या अपनयनाला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पण कायदा तेथे थांबत नाही. तो विचारतो, नेले कशासाठी?

असे समजा की मंडईच्या गर्दीतून चार वर्षांचे एक मूल कोणी उचलून नेले. नेणारा निपुत्रिक आहे आणि त्याला ते मूल वाढवायचे आहे; तरीही तो गुन्हाच, आणि शिक्षा वर सांगितली ती. पण त्याला त्या मुलाच्या अंगावरचे चांदीचे वाळे काढून घ्यायचे असतील, तर दहा वर्षांखालच्या मुलांसाठी निराळे कलम आहे. त्या मुलाला भीक मागायला बसवायचे असेल, तर कमीतकमी दहा वर्षे सक्तमजुरी आणि जास्तीत जास्त जन्मठेप. आणि भिकेसाठी त्याला लुळेपांगळे केले, तर कमीतकमी वीस वर्षे. बापाकडून पैसे उकळण्यासाठी नेले आणि जिवे मारण्याची धमकी दिली, तर जन्मठेप किंवा फाशी. जीव घेण्यासाठी नेले, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. बाहेरून पाहणाऱ्याला कृती एकच दिसते. मुलाचा हात धरून एक माणूस चालला आहे. पण हेतू बदलला की गुन्हा बदलतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्या हेतूने मूल नेले, की गुन्हा तेथेच पुरा होतो. पुढचा खून घडला नाही, मूल वाटेत सोडविले गेले, तरी 'खून करण्यासाठी पळविले' हा गुन्हा उरतोच. घात होण्याची वाट न पाहता त्याच्या आधीच गुन्हेगाराला पकडता यावे, हा या कलमांचा हेतू आहे. आणि पळविलेले मूल आहे हे ठाऊक असून जो त्याला घरात दडवितो, त्यालाही पळविणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. 'मी नुसती खोली दिली' ही सबब चालत नाही.

खुनासाठी पळविण्याच्या कलमाला कायद्याने जे उदाहरण जोडले आहे, ते ऐकून आपणांस नवल वाटेल. मूर्तीपुढे बळी दिला जावा या हेतूने, किंवा तसे होण्याचा संभव आहे हे जाणून, एखाद्याला पळवून नेणे, हे ते उदाहरण. १८६० साली ते लिहिले गेले आणि नव्या संहितेतही तसेच ठेवले आहे. ते काढण्याजोगे दिवस आले नाहीत, हे आपल्याच राज्याच्या इतिहासावरून दिसते. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधन आणि संततीच्या लोभाने मुली व स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. २०१३ साली महाराष्ट्राला नरबळी व जादूटोणा यांच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतरच त्याचा वटहुकूम निघाला. गुप्तधनासाठी 'पायाळू पोर' शोधणारा मांत्रिक गावात आला, तर तो थट्टेचा विषय नव्हे, पोलिसांना कळविण्याचा विषय आहे.

आता कोणी म्हणेल, हेतू तर मनात असतो, तो कोर्टात दाखवायचा कसा? खरे आहे. पळविणारा आपला हेतू लिहून ठेवीत नाही. म्हणून न्यायालय तो आजूबाजूच्या गोष्टींवरून ताडते. नेण्यापूर्वी तो काय बोलला, वैर होते काय, वाहन कोठून आणले, मूल शेवटी कोणाबरोबर दिसले, नंतर तो कोठे गेला, टेलिफोन कोणाला केला, या सगळ्यांची साखळी जुळवावी लागते.

नागपूरचे एक प्रकरण आपल्यापैकी अनेकींच्या स्मरणात असेल. १ सप्टेंबर २०१४ रोजी शाळेच्या बसमधून उतरलेल्या आठ वर्षांच्या मुलाला स्कूटरवर बसवून नेले आणि त्याच दिवशी त्याचा खून केला. खंडणीचे टेलिफोन मात्र त्यानंतरही आले. नेणाऱ्यांपैकी एक जण मुलाच्या वडिलांच्या दवाखान्यात पूर्वी नोकरीला होता, आणि मुलाला विश्वास वाटावा म्हणून त्या दवाखान्याच्या नोकरांच्या गणवेशाचा उपयोग केला गेला. २०१६ साली सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेप दिली. त्यात पंचवीस वर्षे कोणतीही सूट नाही. या प्रकरणापासून मातांनी एक धडा घ्यावा. 'अनोळखी माणसाबरोबर जाऊ नकोस' एवढे मुलाला शिकविणे पुरे नाही. 'ओळखीच्या माणसाने बोलावले तरी आईला विचारल्याशिवाय जाऊ नकोस' हे शिकवावे लागते.

पुराव्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निर्णय सांगण्यासारखा आहे. कलकत्त्याच्या एका खटल्यात २००० साली न्यायालयाने म्हटले की, आरोपींनी माणसाला बळाने उचलून नेले हे सिद्ध झाले आणि पुढे तो मेलेला आढळला, तर मधल्या काळात काय झाले हे सांगण्याची जबाबदारी नेणाऱ्यांवर येते. कारण ती गोष्ट त्यांनाच ठाऊक असते. म्हणून 'मी त्याला अमक्याबरोबर जाताना पाहिले' असे सांगणारी एक साक्षीदारीण फार मोलाची आहे. पुष्कळदा ती पाणवठ्यावरची किंवा दुकानावरची एखादी बाईच असते, आणि 'आपल्याला कशाला पाहिजे' म्हणून ती गप्प राहते. साक्षीच्या भीतीने गप्प राहणाऱ्या बाईने हेही ऐकावे की, पोलिसांना स्त्रीचा जबाब तिच्या राहत्या घरीच घ्यावा लागतो. तिला ठाण्यात बोलावता येत नाही.

सज्ञान स्त्रीच्या बाबतीत 'कपट' हा शब्द विसरू नये. हात धरून ओढले तरच अपहरण होते असे नाही. नोकरी लावून देतो, घरी पोचवितो, तुझा भाऊ आजारी आहे असे खोटे सांगून गाडीत बसविणे हेही अपहरणच. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत मिळून एका स्त्रीवर जो अमानुष प्रसंग ओढवला, त्याची सुरुवात घरी पोचविण्याच्या बतावणीनेच झाली होती. स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध लग्न लावण्यासाठी किंवा तिच्यावर अत्याचार व्हावा म्हणून पळविणे किंवा तशी फूस लावणे, याला नव्या संहितेच्या कलम ८७ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे. पैसे घेऊन परप्रांतात 'लग्न लावून देणारे' दलाल असतात. त्यांच्यासाठी माणसांच्या व्यापाराचे स्वतंत्र कलम आहे, आणि बळी अल्पवयीन असेल तर कमीतकमी दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. अशा रीतीने नेलेल्या अल्पवयीन मुलीचे लग्न लावले, तर बालविवाह प्रतिबंधाच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे ते मुळातच रद्दबातल ठरते. 'आता लग्न झाले, काय करणार' असे म्हणून पदर डोळ्यांना लावून बसण्याचे कारण नाही.

येथे एका नाजूक प्रश्नाला हात घालते. मुलगी आपण होऊन कोणाबरोबर गेली आणि आईबापांनी 'पळविली' अशी फिर्याद दिली, असे खटले कोर्टात पुष्कळ येतात. १९६४ साली मद्रासकडील वरदराजन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जाणती, शिकलेली, सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरची मुलगी आपल्या बुद्धीने घर सोडून गेली आणि पुरुषाने केवळ तिला सोबत येऊ दिले, तर त्याने तिला 'नेले' असे म्हणता येत नाही. पण हरियाणाच्या एका खटल्यात १९७२ साली त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. चौदा वर्षांच्या पोरीचे मन मोठ्या माणसाने हळूहळू वळवून तिची 'इच्छा' तयार केली असेल, तर ती फूसच आहे. आणि शारीरिक संबंधाच्या बाबतीत २०१२ च्या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीची संमती संमतीच मानली जात नाही. तेव्हा मुलगी सज्ञान असून स्वखुशीने गेली असेल, तर केवळ जातीच्या किंवा अब्रूच्या रागाने खोटी फिर्याद देऊ नये. त्याने आपल्याच लेकीला कोर्टात उभे करून रडवावे लागते. पण ती अल्पवयीन असेल, तर 'तीच गेली' म्हणून तिला टाकूनही देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. मूल दिसेनासे झाले, तर काय करावे?

आपल्याकडे पहिला दिवस नातेवाइकांकडे शोधण्यात जातो, दुसरा देवऋषीकडे आणि तिसरा 'लोक काय म्हणतील' या विचारात. मुलगी असेल तर अब्रू जाईल म्हणून शेजारणीलाही सांगत नाहीत. भगिनींनो, पळविणाऱ्याला नेमके हेच तीन दिवस हवे असतात.

आपल्याच जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात, फेब्रुवारी २०१३ मध्ये तीन लहान सख्ख्या बहिणी बेपत्ता झाल्या आणि दोन दिवसांनी त्यांची प्रेते विहिरीत सापडली. त्या मुलींचे काय झाले याचा निवाडा मी येथे करणार नाही. पण सुरुवातीच्या दिवसांत तपासात ढिलाई झाली, असा लोकांचा आक्षेप होता आणि संतापलेल्या लोकांनी राष्ट्रीय महामार्ग अडविला होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे दोन मोठे निर्णय आले. १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या अर्जावर न्यायालयाने सांगितले की, मूल हरविल्याची तक्रार आली की ते पळविले गेले आहे किंवा त्याचा व्यापार झाला आहे, असेच प्रथम धरून गुन्हा नोंदवावा. आणि १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की पोलिसांनी ती नोंदविलीच पाहिजे. तो खटलाही एका बापाने पळविलेल्या मुलीसाठीच लढविला होता.

म्हणून 'चोवीस तास वाट पाहा' असे कोणी सांगितले तर ऐकू नका. कायद्यात असे कोठेही नाही. 'ही आमची हद्द नाही' असे म्हटले तरी परत फिरू नका. गुन्हा कोठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. खबरीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. खबर घेतलीच नाही, तर जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे लेखी पाठवा, त्यानेही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळविणे, हे आता पोलिसांचे कर्तव्य आहे. टेलिफोन करायचा तर ११२ हा क्रमांक पोलिसांचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा.

घरात दोन गोष्टी तयार ठेवा. एक म्हणजे मुलाचा अलीकडचा फोटो. दुसरी म्हणजे वयाचा दाखला. खटल्यात आरोपीचा वकील पहिला घाव वयावर घालतो, 'मुलगी सज्ञानच होती' असे म्हणतो. शाळेचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला असेल, तर तो घाव वाया जातो. नसेल तर हाडांच्या तपासणीवरून अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाजाचा फायदा आरोपीला मिळतो. बाळंतपण माहेरी झाले म्हणून जन्माची नोंद राहून गेली, असे आपल्याकडे किती तरी घरांत असेल. ती नोंद करून घेणे हेसुद्धा मुलीचे रक्षणच आहे.

मुलगी परत आली म्हणजे आणखी एक कर्तव्य उरते. तिच्यावर अत्याचार झाला असेल तर तिचे नाव, गाव, शाळा, फोटो काहीही छापणे किंवा पसरविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. लाखनीच्या त्या मुलींची नावे १ मार्च २०१३ रोजी राज्यसभेतील निवेदनात वाचली गेली, तेव्हा सभासदांनी आक्षेप घेतला आणि ती कामकाजातून काढावी लागली. संसदेत जे चालत नाही, ते आपल्या मोबाइलवरून आपण करू नये.

शेवटी उलट बाजूची एक गोष्ट. 'मुले पळविणारी टोळी आली आहे' अशी आवई उठते आणि माणसे भान विसरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच आवईवरून भिक्षुकी करणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्यांनाही आया, बायका, लेकरे होती. आपण आई म्हणून जितक्या सावध, तितक्याच शहाण्याही असायला हव्या. संशय आला तर माणसाला बसवून ठेवा आणि पोलिसांना बोलवा. हात उचलू नका, आणि खात्री नसलेला निरोप पुढे ढकलू नका.

मंडळाने या वर्षी एवढे एक काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक वॉर्डातून आणि जवळच्या प्रत्येक गावातून दोन जाणत्या बाया नेमाव्यात. कोणाचे मूल दिसेनासे झाले, तर त्या दोघींनी त्या आईबरोबर त्याच घटकेला ठाण्यात जावे. एकटी, रडणारी, अंगठा उठविणारी आई ठाण्याच्या पायरीवरून परत फिरविता येते. तिच्यासोबत दोन बाया असल्या, आणि त्यांतल्या एकीला कायदा ठाऊक असला, तर ते तितके सोपे राहत नाही. कायदा पुस्तकात पुष्कळ चांगला आहे. त्याला त्या पायरीपर्यंत नेऊन पोचविणारी माणसे हवीत.